मधल्या अठरा ओळी

२०२५ च्या गणपतीपासून दिवाळीपर्यंत माझे सगळे वीकेंड गेले कुठे, असं बऱ्याच जणांनी विचारलं. दोन ट्रेक बुडवले, कॉलेजच्या ग्रुपला टांग दिली, इथेही काही लिहिलं नाही. खरं उत्तर फार रोमँटिक नाहीये. मी उल्हासनगरच्या एका कपड्यांच्या होलसेल दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर उसवत बसलो होतो. उसवणं हाच बरोबर शब्द. शिवलेली विजार टाका टाका सोडवत परत कापडाच्या तुकड्यांपर्यंत न्यायची, तसं.

त्यात माझ्याकडून एक चूक झाली. तीही सांगणार आहे. किंबहुना तिच्यासाठीच हे लिहितोय.

तर मंडळी, सुरुवात झाली ४ सप्टेंबरला. गुरुवार होता. आदल्या रात्री जीएसटी कौन्सिलने नवे दर जाहीर केले होते. मी बदलापूर लोकलमध्ये ठाण्याला उतरायच्या तयारीत (ज्यांनी केलंय त्यांना माहितीये, ही तयारी दिव्यापासून सुरू होते), आणि शेठचा फोन. शेठ म्हणजे कॅम्प पाचमधले जीन्सचे व्यापारी, बाबांच्या ओळखीचे.

"बेटा, तू सरांचा स्टुडंट ना? एक छोटा काम आहे. पाच मिनटाचा."

आयटीतल्या माणसाला 'पाच मिनिटांचं काम' हे शब्द ऐकले की पोटात गोळा येतो. तसाच आला.

काम खरंच छोटं होतं. तोपर्यंत रेडिमेड कपड्यांवर हजार रुपयांपर्यंतच्या नगाला ५ टक्के जीएसटी होता आणि त्यावरच्या नगाला १२. नवीन नियमाने २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८. लागू कधीपासून? २२ सप्टेंबर, घटस्थापना. म्हणजे ऐन दसरा-दिवाळीच्या सीझनच्या तोंडावर. दोन आकडे बदलायचे, बस. फक्त ते आकडे जिथे लिहिले होते, तो कोड जगात कुठेही शिल्लक नव्हता.

आता सरांबद्दल सांगायला हवं.

सर बदलापूर पश्चिमेला कंप्युटरचे क्लास घ्यायचे. अकरावीत मी त्यांच्याकडे सी प्लस प्लस शिकलो. क्लासच्या जोडीला ते उल्हासनगर आणि अंबरनाथमधल्या छोट्या धंद्यांना सॉफ्टवेअर करून द्यायचे. अंबरनाथच्या एमआयडीसीतले दोन-तीन वर्कशॉप, एक केमिस्ट, एक पापड-लोणच्याचं दुकान आणि हे शेठ. कंपनी वगैरे काही नाही. एक माणूस, एक बाईक, खिशात पेन ड्राइव्ह. शेठचं सॉफ्टवेअर त्यांनी २००९ साली जावामध्ये लिहिलं आणि २०१७ च्या जूनमध्ये, जीएसटी यायच्या आधी, रात्री जागून व्हॅटमधून जीएसटीत आणलं.

२६ जुलै २०१९ ची रात्र ज्यांनी बदलापूरला काढलीय त्यांना वेगळं सांगायला नको. महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली, हजारावर प्रवाशांना बोटींतून काढलं, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. उल्हास नदीचं पाणी हेंद्रेपाड्यातल्या तळमजल्यांत शिरलं ते मात्र आम्हीच पाहिलं. सरांचं घर तळमजल्यावर. सीपीयू टेबलाखाली, आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात. पाणी ओसरल्यावर आम्ही चिखल काढायला गेलो तेव्हा सर म्हणाले होते, "बॅकअप घेत होतो रे नेमाने. फक्त ठेवायला लांब गेलो नाही."

सोर्स कोड गेला. पण दुकानांतलं सॉफ्टवेअर चालूच होतं, कारण तिथे असते ती कंपाइल केलेली जार फाइल. चालतंय ना, मग कशाला हात लावा? सरांनी नव्याने लिहायला घ्यायचं ठरवलं होतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, सर गेले.

म्हणून शेठच्या त्या पाच मिनिटांच्या कामाला मी लगेच हो म्हटलं नाही, आणि नाहीही म्हटलं नाही.

कोड लिहिणाऱ्यांनी पुढचा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल. बाकीच्यांसाठी: आपण प्रोग्राम लिहितो तो माणसाला वाचता येईल अशा भाषेत. कंपायलर त्याचं मशीनच्या भाषेत रूपांतर करतो. ते उलट फिरवणं म्हणजे डिकंपाइल करणं. सी किंवा सी प्लस प्लसच्या बाबतीत हे म्हणजे दळलेल्या पिठातून परत गहू काढण्यासारखं. नावं, रचना, बहुतेक सगळं गेलेलं असतं. जावाचं तसं नाही. जावाचा कंपायलर पीठ करत नाही, फार तर रवा करतो. थेट प्रोसेसरची भाषा न वापरता तो बाइटकोड नावाची मधली भाषा वापरतो, आणि त्यात क्लासची नावं, मेथडची नावं, फील्डची नावं, त्यांचे टाइप हे सगळं जसंच्या तसं राहतं. स्क्रीनवर दाखवायचे मेसेजही राहतात. जातात त्या दोन गोष्टी. मेथडच्या आतल्या लोकल व्हेरिएबल्सची नावं (वेगळा ऑप्शन देऊन कंपाइल केलं नसेल तर), आणि कॉमेंट्स. कॉमेंट्स सगळ्याच्या सगळ्या जातात. मशीनला त्यांचा काही उपयोग नसतो.

हा खेळ जावाइतकाच जुना आहे. हानपीटर फान फ्लीट नावाच्या डच प्रोग्रामरने १९९६ मध्येच 'मोका' नावाचा डिकंपायलर बाहेर काढला. जावा म्हणजे कॉफी, म्हणून मोका. आमचा कोड कुणीही वाचणार की काय म्हणून लोकांनी बराच आरडाओरडा केला. त्याने 'क्रेमा' म्हणून दुसरं टूलही लिहिलं होतं, जे क्लास फाइलमधली नावं विस्कटून टाकतं, म्हणजे मोकाला वाचता येऊ नये. कुलूप आणि किल्ली एकाच माणसाची! त्याच वर्षी ३१ डिसेंबरला तो कॅन्सरने गेला. वय ३४. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा नुसतं ट्रिव्हिया म्हणून वाचलं होतं. यावेळी परत वाचताना थोडा थांबलो.

मोकानंतर 'जॅड' आला. आमच्या आधीच्या पिढीतले जावावाले जॅडवरच वाढले. एका कमांडमध्ये फोल्डरच्या फोल्डर उलटे करायची सोय त्यात होती. पण जॅडचा स्वतःचा सोर्स कधी खुला नव्हता, आणि लेखकाने काम थांबवल्यावर तो तिथेच थांबला. जावा ५ नंतरच्या गोष्टी त्याला नीट पचत नाहीत. म्हणजे दुसऱ्यांचा हरवलेला सोर्स शोधून देणारं टूल स्वतःच्या सोर्सअभावी अडकलं. आज आपण वापरतो ते सीएफआर, प्रोसियॉन आणि इंटेलिजेमध्ये येणारा फर्नफ्लॉवर. तिन्हींचा सोर्स खुला आहे. त्यांचे लेखक उद्या थांबले तरी काम कुणी ना कुणी पुढे नेऊ शकतं.

पण टूल चालवायच्या आधी एक प्रश्न होता. हा कोड माझा नाही. शेठचाही नाही.

कायदा बघितला. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७. त्याच्या व्याख्येत कंप्युटर प्रोग्राम हा 'साहित्यकृती' या सदरात येतो. खोटं नाही सांगत! म्हणजे शेठचं बिलिंग सॉफ्टवेअर आणि एखादी कादंबरी, कायद्याच्या लेखी एकाच फळीवर. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतो. सरांच्या बाबतीत हिशोब केला तर २०८१ संपेपर्यंत. कलम ५२ मध्ये प्रोग्राम रीतसर बाळगणाऱ्याला तो अभ्यासायची, तपासायची थोडी मुभा आहे, पण त्यात फार कीस पाडण्यापेक्षा सरळ रस्ता समोर होता. काकूंना विचारायचं.

६ तारखेला अनंत चतुर्दशी. गल्लीतलं विसर्जन आटोपून संध्याकाळी काकूंकडे गेलो. त्या आता दुसऱ्या मजल्यावर राहतात. सगळं सांगितलं. म्हटलं, सरांनी बंद करून ठेवलेलं मी उघडणार आहे, चालेल ना? आणि यापुढे शेठने वर्षाचे मेंटेनन्सचे पैसे तुम्हाला द्यायचे, हे मी त्यांच्याशी बोललोय.

काकू पैशांबद्दल काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "उघड की. त्यांचं काही सापडलं तर मला पण दाखव."

आता 'त्यांचं काही' म्हणजे काय, हे मी विचारलं नाही.

१३ तारखेच्या शनिवारी बसलो. जार फाइलमध्ये दोनशेच्या वर क्लास फाइल्स. प्रत्येक क्लास फाइलचे पहिले चार बाइट हेक्समध्ये वाचले तर 'कॅफे बेब' असे दिसतात. कॉफीवाल्यांचा आणखी एक पीजे. पुढचा व्हर्जन नंबर ५०, म्हणजे जावा ६. एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. सीएफआरला अख्खी जार द्यायची, सगळे क्लास एका दमात उलटे करून एका फोल्डरमध्ये. तेच फर्नफ्लॉवरकडून दुसऱ्या फोल्डरमध्ये. मग दोन्हींची तुलना. चहा करून येईपर्यंत दोनशे फाइल्स तयार! सीएफआरला तीन मेथड जमल्या नाहीत, त्या फर्नफ्लॉवरने सोडवल्या. परत कंपाइल करताना साठेक एरर आल्या, बहुतेक जेनेरिक्सच्या. त्या एकेक करून हाताने काढल्या.

आणि मग सरांचा कोड वाचायला लागलो.

लोकल व्हेरिएबल्सची नावं गेलेली, त्यामुळे सगळीकडे व्हार एक, व्हार दोन. पण मेथडची नावं सरांचीच. 'बिलकाढ'. 'उधारीबघ'. 'पानसंपलंका'. आम्हाला क्लासमध्ये नावं इंग्रजीत द्या म्हणून ओरडायचे, आणि स्वतः हे! एरर मेसेज तर थेट सरांच्या आवाजात. एके ठिकाणी डेटाबेस उघडला नाही तर मेसेज येतो, "आधी बॅकअप घ्या. मग मला फोन करा." दुसरीकडे कुणी बिलाची तारीख उद्याची टाकली तर, "आजचं आज करा, उद्याचं उद्या बघू." हे मेसेज वाचताना मी एकटाच हसत होतो. आईने आत येऊन बघितलंसुद्धा.

काम मात्र नीट केलं होतं, असं तेव्हा मला वाटत होतं. पहिला नियम, काहीही न बदलता परत कंपाइल करायचं आणि जुन्या जारशी ताडून बघायचं. एप्रिल ते ऑगस्टची सगळी बिलं दोन्ही जारमधून फिरवली. पैशापैशापर्यंत जुळली. मग ते दोन आकडे कोडमधून काढून सेटिंगच्या टेबलात टाकले, म्हणजे पुढच्या वेळी कुणाला उसवत बसायला नको.

२० तारखेला रात्री काम संपलं होतं. खरं तर लॅपटॉप बंद करायला हवा होता. पण आपल्याला एक वाईट खोड असते. दुसऱ्याचा कोड दिसला की आवरायला घ्यायचा.

व्याज काढायच्या मेथडमध्ये एक अट होती. ग्राहकाचा टाइप सात असेल तर व्याज शून्य. आता स्क्रीनवरच्या यादीत ग्राहकाचे टाइप सहाच. होलसेल, रिटेल, बाहेरगाव वगैरे. सात नंबर कुठेच नाही. कोडमध्ये इतरत्रही कुठे सात नाही. ऑफिसात वापरतो तसल्या एआय असिस्टंटला ती मेथड दाखवली. त्याने फार सफाईने सांगितलं की हा बहुधा भविष्यासाठी राखून ठेवलेला, न वापरलेला प्रकार आहे, डेड कोड, काढायला हरकत नाही. मला तेच ऐकायचं होतं. काढला.

डेटाबेसमध्ये एक क्वेरी मारली असती तर दहा सेकंदांत कळलं असतं. मारली नाही. टेस्टिंग मी बिलांचं केलं होतं, उधारीच्या खात्यांचं नाही. व्याज बिलात येत नाही, खात्यात येतं.

२२ तारखेला नवीन जार चालू झाली. पहिलं बिल बरोबर निघालं. शेठने पेढे पाठवले. मी ऑफिसात दिवसभर हवेत.

दसरा झाला, आणि त्यानंतरच्या आठवड्यात दुकानाने दिवाळीआधीची उधारीची स्टेटमेंट छापून वाटली. दोन दिवसांनी शेठचा फोन. यावेळी 'बेटा' नव्हतं.

"कंप्युटरने मावशी लोकांवर व्याज कसा लावला?"

अकरा खाती होती. अकराही बायका. दुकानातून थोडा थोडा माल उधारीवर नेऊन अंबरनाथ-बदलापूरच्या चाळींत, सोसायट्यांत दारोदार विकणाऱ्या. त्यातल्या एक मावशी आदल्या दिवशी येऊन व्याजाचे १,१४० रुपये भरून गेल्या होत्या. काउंटरवरच्या पोराला त्यांनी एकदाच विचारलं, हे नवीन आहे का म्हणून. तो म्हणाला, कंप्युटरने काढलंय. मग त्यांनी पैसे मोजून दिले. कंप्युटरने काढलंय म्हणजे बरोबरच असणार.

त्या रात्री मी जुनी जार परत उघडली. माझ्या टूलने काढून दिलेला कोड नव्हे, मूळ क्लास फाइल. जावाबरोबरच 'जावॅप' नावाचं छोटं टूल येतं, ते क्लास फाइलच्या आत काय काय आहे ते दाखवतं. त्यात एक तक्ता असतो, लाइन नंबरचा. कंपायलर कॉमेंट फेकून देतो, पण कुठली सूचना मूळ फाइलच्या कितव्या ओळीवर होती ते लिहून ठेवतो, म्हणजे प्रोग्राम पडला तर कुठे पडला ते सांगता यावं.

व्याजाच्या मेथडमध्ये दिवस मोजायची ओळ होती २१२ नंबरची. त्यानंतरची सूचना, म्हणजे 'टाइप सात असेल तर', होती २३१ वर.

मधल्या अठरा ओळी नाहीत.

सर दाटीवाटीने लिहायचे. बाकीच्या फाइलमध्ये दोन सूचनांच्या मध्ये फार तर एखाददुसरी ओळ सुटलेली. इथे अठरा. रिकाम्या ओळी सर सोडत नसत, बंद करून ठेवलेला जुना कोडही ते ठेवत नसत, क्लासमध्ये त्यावरून मार्क कापायचे. म्हणजे तिथे कॉमेंट असणार. पूर्ण प्रोग्राममध्ये सरांनी सगळ्यात जास्त जिथे लिहिलं, नेमकी तीच अट मी डेड कोड म्हणून उडवली होती. हा तक्ता आधीपासून माझ्यासमोर होता. मी बघितला नव्हता, इतकंच.

शनिवारी सकाळी उल्हासनगरला गेलो. विठ्ठलवाडीला उतरून रिक्षाने कॅम्प पाच. शेठ चिडतील अशी तयारी ठेवली होती. ते चिडले नाहीत, चहा मागवला. आणि सांगायला लागले.

शेठचे वडील, म्हणजे बाबूजी, फाळणीनंतर सिंधमधून इथे आले तेव्हा लहान होते. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बांधलेल्या बराकी, त्यात निर्वासितांना ठेवलेलं. कॅम्प एक, दोन, तीन ही नावं तिथूनच आलेली. १९४९ मध्ये त्या छावणीचं नाव उल्हासनगर झालं. बाबूजींची आई पापड करून दारोदार विकायची. उडदाचं पीठ उधारीवर, आणि त्या उधारीवर व्याज. ते व्याज बाबूजी आयुष्यभर विसरले नाहीत. स्वतःचं दुकान झाल्यावर त्यांचा नियम एकच, घरोघर माल विकणाऱ्या बाईकडून व्याज घ्यायचं नाही. २००९ मध्ये सरांनी सॉफ्टवेअर बसवलं तेव्हा बाबूजी तासभर त्यांच्याशी बोलत बसले होते.

"मग यादीत सात नंबर का नाही?" मी विचारलं.

"बाबूजी बोलले, काउंटरच्या पोरांना दिसला नाही पाहिजे. दिसला तर पोरं बोलणार, ही फुकटवाली, ती फुकटवाली."

म्हणून तो सात नंबर स्क्रीनवर कधी आलाच नाही. बाबूजी नाव सांगायचे आणि सर स्वतः डेटाबेसमध्ये टाकून द्यायचे. पुढे बाबूजी गेले. सर गेले. शेठ म्हणाले, "मला वाटला, कंप्युटर आपोआप करतो."

दोन माणसांना माहिती असलेली गोष्ट. त्यातली एक प्रत उल्हास नदीच्या पाण्यात गेली, दुसरी शेठच्या डोक्यात अर्धीमुर्धी राहिली होती, आणि तिसरी ओळ २३१ वर, जिला मी कचरा समजलो. डिकंपायलरने त्याचं काम चोख केलं होतं. सर काय करत होते ते त्याने अक्षरशः दिलं. का करत होते, ते त्याच्याकडे नव्हतंच. ते विचारायला मी चार स्टेशनांवर राहणाऱ्या माणसाला फोन करायला हवा होता. पाच मिनिटांचं काम.

दुपारी शेठचा मुलगा आणि मी ते १,१४० रुपये परत करायला अंबरनाथला गेलो. मावशी पूर्वेला राहतात, शिवमंदिराच्या पुढे. लहानपणी महाशिवरात्रीला आजीबरोबर किती वेळा आलोय इथे. मंदिरात शिलालेख आहे, शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. तेवढ्या थोड्या ओळी कुणीतरी दगडात लिहून ठेवल्या म्हणून आपल्याला मंदिराचं वय सांगता येतं. बाकी सगळं समोर उभं आहे, मूर्तिन् मूर्ती. पण कुठली मूर्ती कुणी आणि का केली, ते आता कुणाला विचारणार?

मावशींनी पैसे घेतले, दोनदा मोजले. मी सांगितलं की चूक कंप्युटरची नव्हती, माझी होती. त्या म्हणाल्या, "असू दे रे बाबा. पण मग त्या पोराने असं का नाही सांगितलं?" काय उत्तर देणार? दोन्ही वेळा मशीनचं नाव पुढे करून माणूसच मोकळा झाला होता. एकदा काउंटरवर तो, आणि त्याआधी लॅपटॉपसमोर मी.

रविवारी अट परत टाकली. अकरा खाती तपासली, व्याज उलटवलं, मग सगळ्या उधारीच्या खात्यांची जुन्या जारशी तुलना केली (जी आधीच करायला हवी होती). आणि त्या अटीच्या वर कॉमेंट लिहिली. मराठीत. सात नंबर कोण, नियम कुणाचा, कधीचा, स्क्रीनवर का दाखवायचा नाही. लिहून झाल्यावर ओळी मोजल्या. सहा झाल्या. आणखी काय लिहिलं असेल सरांनी अठरा ओळींत? बाबूजींची सगळी गोष्ट? की शेवटी एखादा टोमणा? कळणार नाही ते.

आता सोर्सच्या तीन प्रती आहेत. एक माझ्याकडे, एक शेठकडे, एक काकूंकडे दुसऱ्या मजल्यावर. शिवाय एक ऑनलाइन रिपॉझिटरीत, जिथे उल्हास नदीचं पाणी पोचत नाही. अंबरनाथच्या केमिस्टचा आणि वर्कशॉपवाल्यांचाही नंबर शेठने काढून दिलाय. स्क्रिप्ट तयार आहेच. पण यावेळी आधी त्या माणसांशी बोलायला बसणार आहे, जार नंतर उघडेन.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी काकूंकडे फराळाला गेलो तेव्हा त्यांना प्रिंटआउट दिली. कोडची नाही. सरांचे सगळे मेसेज, एकाखाली एक, चार पानं. काकूंनी चष्मा लावून सगळे वाचले. बॅकअपवाल्या मेसेजपाशी आल्यावर हसायला लागल्या, त्या थांबेनातच. मग मी अठरा ओळींबद्दल सांगितलं. त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत.

"अठरा ओळी?" त्या म्हणाल्या. "घरी किराण्याची यादी लिहा म्हटलं तर ह्यांना कंटाळा यायचा."

असो. तुम्ही रोज जो कोड लिहिता त्यातही कुठेतरी एखादा सात नंबर असेल. सोमवारी ऑफिसला गेलात की त्याच्या वर दोन ओळी लिहून ठेवा. आणि बॅकअप घ्या. लांब ठेवा.